दरपत्रकात नसलेले काम

आशा स्वयंसेविकेला कोणत्या कामाचे किती रुपये द्यायचे हे ठरवणारी एक लांबलचक यादी आहे. ती यादी मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला वाटते की, ती कोकणातल्या गावांकडे पाहून कोणी लिहिलेली नाही. ग्रामीण भागात गरोदरपणातल्या तपासण्या आणि दवाखान्यातले बाळंतपण यांसाठी जननी सुरक्षा योजनेतून तिला ६०० रुपये मिळतात. बाळ जन्मल्यावर बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी घरी जाऊन पूर्ण केल्या तर २५० रुपये, वर्षाच्या आत सर्व लसी टोचून झाल्या तर १०० रुपये. पुढे आणखी बऱ्याच नोंदी आहेत, पण कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्याचा मुख्य भाग गावात मुले जन्मण्यावर उभा आहे, आणि आमच्या गावांतून पाळणे कमी झाले आहेत. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर उतरली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या, तो काही मुलींच्या जन्माचा उत्सव नव्हता. कमावते पुरुष मुंबई, ठाणे, पुणे येथे गेले आणि घरे सांभाळायला स्त्रिया व म्हातारी माणसे मागे राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

मी नोकरीची सगळी वर्षे एका जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात काढली आणि निवृत्त झाल्यावर देवगड तालुक्यातल्या माझ्या गावी राहायला आलो. कागद वाचायची सवय असल्यामुळे आमच्या भागातल्या आशाताई मोबदल्याचे हिशोब घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. ही टिपणे त्या बैठकींतून आली आहेत. त्यांची नावे मी लिहीत नाही, कारण ज्यांच्या सहीवर त्यांचे पैसे निघतात त्यांच्याच हाताखाली त्यांना काम करायचे आहे.

आधी व्यवस्था कशी चालते ते सांगतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले, तेव्हा साधारण हजार लोकवस्तीमागे त्याच गावातली एक स्त्री आरोग्य कार्यकर्ती म्हणून निवडायची आणि डोंगराळ व आदिवासी भागात वस्तीप्रमाणे हे प्रमाण सैल करायचे, असे ठरले. तिला स्वयंसेविका म्हटले गेले, त्यामुळे पगार नाही. कामावर आधारित मोबदला. मार्गदर्शक सूचनांमध्ये तिचे काम दिवसाला दोन-तीन तासांचे आणि आठवड्यातून चारेक दिवसांचे गृहीत धरले होते. महिना संपला की तिने केलेल्या कामांचा तक्ता भरायचा, त्यावर आरोग्यसेविकेची सही घ्यायची, आशांवर देखरेख ठेवणाऱ्या गट प्रवर्तकांनी पडताळायचा, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मान्य करायचा, तालुक्याने पुढे पाठवायचा आणि मग रक्कम बँक खात्यात जमा व्हायची. अभियानाच्या निधीत केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असा आहे; राज्याचे स्वतःचे मानधन त्याहून वेगळ्या लेखाशीर्षाखाली येते. दोन्ही रकमा वेगवेगळ्या तारखांना, कधी अर्ध्या तर कधी तीन महिन्यांच्या एकत्र जमा होतात, आणि पासबुकात फक्त आकडा उमटतो. एका ताईने मला सांगितले ते तिच्याच शब्दांत देतो: "काका, पैशे येतत, पण खयच्या म्हयन्याचे नि खयच्या कामाचे, ता कळाक मार्ग नाय." ज्या बाईला आपल्या मजुरीचा हिशोबच तपासता येत नाही, ती कमी मिळाले अशी तक्रार कशाच्या आधारावर करणार? लेखा विभागात वर्षे घालवलेल्या माणसाला हे पाहताना शरम वाटते, कारण प्रत्येक जमेसोबत तपशिलाचा एक कागद देणे आजच्या संगणकांना मुळीच अवघड नाही.

आता ज्या कामाला दर नाही त्याबद्दल. आमच्या वाडीतल्या बहुतेक घरांत सत्तरीच्या पुढची एकटी माणसे किंवा जोडपी राहतात. आजीचा रक्तदाब वाढला, आजोबा न्हाणीघरात घसरून पडले, साखरेची गोळी संपली, डोळ्यांत टाकायचे औषध कोणते ते कळेना, अशा वेळी विरारला किंवा डोंबिवलीला असलेला मुलगा पहिला फोन आशाताईला करतो. डॉक्टरांचा नंबर त्याच्याकडे नसतो आणि शेजारी स्वतःच म्हातारे असतात. ती येते, पाहते, १०८ ला फोन लावते. गाडी वाडीपर्यंत येत नसेल तर चार माणसे गोळा करून रुग्णाला पाणंदीतून रस्त्यापर्यंत आणवते आणि पुष्कळदा त्याच्यासोबत गाडीत बसते, कारण दुसरे कोणी बसणारे नसते. देवगडच्या ग्रामीण रुग्णालयातून कणकवलीला, तिथून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणि तिथेही भागले नाही तर गोव्यात बांबोळीला, हा प्रवास सिंधुदुर्गातल्या प्रत्येक कुटुंबाला पाठ आहे. बांबोळीहून ती रात्री उशिरा कशी परतते याची चौकशी कोणी करत नाही. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा असंसर्गजन्य आजारांच्या जोखमीचा तक्ता भरण्यासाठी तिला एकदाच १० रुपये मिळतात. त्या तक्त्यातला माणूस म्हातारा होऊन अंथरुणाला खिळल्यावर वर्षानुवर्षे त्याच्या उशाशी जाण्यासाठी काही नाही.

जन्माच्या बाबतीतही आमच्याकडची रीत यादीत बसत नाही. सून मुंबईत असते, तिची नोंदणी आणि पहिल्या तपासण्या तिथल्या दवाखान्यात होतात, आणि सातव्या महिन्यानंतर ती बाळंतपणाला माहेरी येते. इथली आशा तिला तपासणीला नेते, कळा सुरू झाल्या की धावपळ करते. बाळ दीड महिन्याचे होण्याआधीच मायलेकरे मुंबईला परत गेली तर भेटींचा तक्ता अपुरा राहतो आणि त्या तक्त्याच्या रकमेवरून वाद सुरू होतो. काम तर झालेले असते.

याच्या जोडीला आमच्या मातीचे आजार आहेत. पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसची (दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या तापाची) साथ येऊ नये म्हणून चिखलात राबणाऱ्यांना आठवड्याला डॉक्सिसायक्लिनची गोळी द्यायची असते, आणि ती घरी नेऊन देऊन चालत नाही, ती घेतली का हे पाहावे लागते. लोक नेमके लावणीला शेतात असतात, म्हणून ताईही बांधावरून हिंडते. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाने माणसे दगावली, तेव्हा काजूच्या हंगामात बागांतून जाणाऱ्या बायकांना गोचिडीपासून वाचवणारे तेल लावायला सांगणे, मेलेले माकड दिसले की कळवणे, तापाचा प्रत्येक रुग्ण शोधून त्याचे रक्त तपासायला पाठवणे, ही कामे आरोग्यसेविका आणि आशा यांनीच केली. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेले, त्यानंतरच्या चिखलात घरोघर गोळ्या, क्लोरिन आणि तापाचे सर्वेक्षण झाले ते यंत्रणेतल्या याच शेवटच्या फळीच्या पायांवर. सड्यावरच्या कातळातून जाताना फुरसे हा विषारी साप दिसणे हे इथे नवलाचे नाही, आणि अशा वाटांवरून बॅटरी घेऊन एकटी चालणारी स्त्री कामावर असते की नसते, हा प्रश्न तिला काही झाले की कायद्याचा होतो.

२०२० चा उन्हाळा कोकणातला कोणी विसरलेला नाही. मुंबईहून चाकरमानी येऊ लागले आणि शाळांमधून त्यांना वेगळे ठेवायची वेळ आली, तेव्हा गावकरी आणि चाकरमानी यांच्यामध्ये उभी राहिली ती आशा. एका बाजूने "तू त्यांना गावात घेतलेस" आणि दुसऱ्या बाजूने "आमच्याच घरात जाऊ देत नाहीस" अशी दोन्हीकडची बोलणी तिने खाल्ली. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली आणि तिच्या हाती ऑक्सिमीटर व तापमापक देऊन तिला घरोघर पाठवण्यात आले. त्या काळासाठी केंद्राने महिन्याला १,००० रुपये जादा देऊ केले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा जागतिक सन्मान केला, तेव्हा आमच्या ताईंना आनंद झाला आणि तो खरा होता. मला मात्र त्या दिवशी एवढेच वाटले की, ज्यांच्या कामाची दखल जिनिव्हात घेतली गेली त्यांना आपल्या देशाचा कायदा अजून कामगार म्हणत नाही.

हा कायद्याचा मुद्दा थोडा सविस्तर मांडतो, कारण सगळे अन्याय तिथे येऊन मिळतात. स्वयंसेविका ठरल्यामुळे तिला किमान वेतन लागू होत नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, भरपगारी बाळंतपणाची रजा नाही. परंतु सोयीचे असेल तेव्हा हाच कायदा मानधनावरच्या स्त्रीला कर्मचारी मानतो. राजस्थानातील भंवरीदेवी या सरकारी महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून अल्प मानधनावर काम करत होत्या; बालविवाह रोखण्याचे सरकारी काम केले म्हणून त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत पगारी, मानधनावरच्या आणि स्वेच्छेने काम करणाऱ्या अशा सर्व स्त्रियांना संरक्षण दिले. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यानेही मोबदला मिळो वा न मिळो, स्वयंसेवी तत्त्वावर काम करणाऱ्या स्त्रीला कर्मचारी म्हटले. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे मानधन हे वेतनच आहे असे मानून त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. त्याच्याही आधी, मे २०१३ मध्ये, सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसणाऱ्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांमध्ये राबणाऱ्या अशा स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली होती. म्हणजे वाट कोणाला ठाऊक नाही असे नव्हे. त्या वाटेवर पुढचे पाऊल टाकायचे सरकारने लांबवले आहे, आणि त्याचे कारण पैसा हेच आहे.

कोकणी माणसाला यातली एक गोष्ट निराळी सांगायला नको. खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताची सत्ता, होती तेव्हा कुळाने खोताच्या घरी आणि शेतात ठरावीक दिवस फुकट राबायचे, त्याला वेठ म्हणत. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये संप पुकारला आणि तो कित्येक वर्षे, उपासमार सोसून, चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ती प्रत्यक्षात कायद्याने गेली १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने. त्यानंतर आलेल्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध ठरवली. १९८२ मध्ये एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या अनुच्छेदाचा अर्थ लावताना सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे ही वेठच आहे, आणि भूक व गरिबीने आणलेली लाचारी हीसुद्धा सक्तीच आहे. "त्यांना कोणी बळजबरीने घेतले नाही, त्या स्वतः तयार झाल्या," हे वाक्य मी तालुक्याच्या अनेक बैठकींत ऐकले आहे. त्याचे उत्तर या निकालात चाळीस वर्षांपूर्वीच दिलेले आहे. सरकारी वकील म्हणतील की हा निकाल मजुरांबद्दल आहे आणि आशा मजूर नाही. पण तिला मजूर म्हणायचे नाही हे कोणी ठरवले, तर ज्याला तिचे वेतन द्यावे लागले असते त्यानेच.

बाबासाहेबांची आणखी एक आठवण इथे अस्थानी नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा लाभ देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने ते बोलले होते, आणि पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. १९६१ मध्ये देशभरासाठी कायदा आला आणि २०१७ मध्ये भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. गावातल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला विश्रांती घे, लोहाच्या गोळ्या घे, जड उचलू नकोस असे सांगत फिरणारी आशा स्वतः गरोदर असली तर या रजेचा हक्क तिला नाही. आमच्या भागातल्या एका तरुण ताईने नवव्या महिन्यापर्यंत साकव ओलांडून सर्वेक्षण केले, कारण काम थांबले की त्या महिन्याचा मोबदला थांबतो.

महाराष्ट्रात आशांनी काही मिळवले ते मागून आणि झगडूनच. जून २०२१ मध्ये संप झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला, तेव्हा मिळालेली आश्वासने कागदावर येईनात म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा झाला. आझाद मैदानावर बायका दिवसरात्र बसल्या. मार्च २०२४ मध्ये राज्याने मानधनात महिन्याला ५,००० रुपयांची वाढ नोव्हेंबर २०२३ पासून लागू केली. केंद्राने नियमित कामांसाठीची मासिक रक्कम २०१८ मध्ये १,००० वरून २,००० केली होती, ती २०२५ मध्ये ३,५०० केली आणि दहा वर्षे काम करून बाहेर पडणाऱ्या आशाला द्यायची रक्कम २० हजारांवरून ५० हजार केली. ही वाढ लहान नाही, आणि ती मिळवणाऱ्या संघटनांचे श्रेय मी पूर्ण मानतो. तरीही हा सगळा पैसा शासनाच्या मर्जीवर आहे. वेतन कायद्याने ठरले असते तर दर वेळी गावाचे आरोग्य बंद ठेवून मुंबईला जावे लागले नसते. संपाच्या दिवसांत आमच्याकडे लसीकरणाच्या दिवशी मुले कमी आली, क्षयरोग्यांच्या गोळ्या चुकल्या, आणि त्याचा दोष लोकांनी ताईंवर ठेवला. मला तो पटत नाही. ज्या व्यवस्थेत एका कामगाराच्या चार आठवड्यांच्या गैरहजेरीने गावाची देखभाल कोसळते, तिथे तो कामगार स्वयंसेवक कसा?

गट प्रवर्तकांची अवस्था याहून विचित्र आहे. पदवीधर असलेल्या या स्त्रिया वीस-पंचवीस आशांच्या कामावर देखरेख ठेवतात, अहवाल तयार करतात, आणि त्यांचा मोबदला बराचसा प्रवासभत्त्याच्या रूपाने मोजला गेला. देवगड-वैभववाडीसारख्या घाटवळणांच्या भागात दुचाकीचे पेट्रोल भरून उरते ती त्यांची कमाई. खाजगी दवाखान्यांतल्या परिचारिकांबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही महिना २०,००० रुपयांहून कमी पगार नसावा असे सुचवले होते. कोकणातल्या तालुक्याच्या गावी बारा-बारा तास उभ्या असणाऱ्या मुलींना विचारून पाहा. आणि रुग्णालयातली सफाई कंत्राटदाराकडे गेल्यापासून तिथे राबणारी माणसे कोणत्या समाजांतून येतात हे आपण सगळे जाणतो आणि बोलत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी तो हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वाताची लस देणे व वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करणे रुग्णालयावर बंधनकारक केले आहे, मग तो माणूस कायम असो की कंत्राटी. सुई टोचल्यावर "पाण्याने धुऊन टाक" एवढ्यावर ज्याची बोळवण झाली असा कामगार मला भेटला आहे. त्याला लस दिली गेली नव्हती आणि ती त्याचा हक्क आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या भागातल्या ताई एक साधी वही ठेवतात. तारीख, वाडी, कोणासाठी गेले (नाव नाही, फक्त वय), किती वेळ लागला, यादीत दर आहे की नाही, आणि पैसे जमा झाले तर कधी, एवढेच रकाने मी आखून दिले. दर नसलेल्या नोंदींनी भरलेली पाने पाहून त्या स्वतःच थबकल्या, कारण इतके दिवस हे शेजारधर्मात जमा होत होते. त्यातला काही भाग शेजारधर्म आहेच आणि त्या तो सोडणार नाहीत; पण रक्तदाब मोजणे, औषधांची खात्री करणे, रुग्णाला घेऊन ओरोसला जाणे हे आरोग्य सेवेचे काम आहे आणि ते सरकारच्या वतीने होते. काही जणांनी सुचवले की म्हाताऱ्यांसाठीच्या प्रत्येक भेटीला वेगळा दर मागावा. मला ते मान्य नाही. यादी कितीही लांबवली तरी गावात उद्या उद्भवणारा प्रसंग तीत नसणारच, आणि प्रत्येक आजीच्या घरी जाण्याआधी तक्ता काढावा लागेल. मागायचे ते किमान वेतनापेक्षा कमी नसलेले ठराविक मासिक वेतन, त्यासोबत भविष्य निर्वाह निधी, बाळंतपणाची आणि आजारपणाची रजा, आणि प्रत्येक जमेचा लेखी तपशील.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचा आहे. मसुदा मी लिहिला आहे, वहीतल्या तीन महिन्यांच्या नोंदींचा गोषवारा त्याला जोडला आहे, आणि मुंबईकर मंडळाच्या लोकांनीही सही करावी असा निरोप धाडला आहे, कारण त्या वहीतली बहुतेक म्हातारी माणसे त्यांचे आईवडील आहेत. शेजारच्या दोन गावांनी मसुद्याची प्रत मागितली आहे. आणखी कोणाला हवी असेल तर त्यांनी तो आपल्या वाड्यांप्रमाणे, आपल्या आशाताईंना विचारून बदलून घ्यावा. लेप्टोच्या जागी माकडताप, बांबोळीच्या जागी कोल्हापूर येईल, मागण्या मात्र तशाच ठेवाव्यात.